जिवंत गवताची तपासणी

लायल ड्रमंडने गाडी फुटपाथला लावली आणि समोरच्या अंगणाकडे पाहून नाक मुरडलं. जुलै महिना, लास व्हेगासचं ऊन, आणि गवत असं हिरवंगार की डोळ्यांत खुपावं. इतकं हिरवं खरं गवत नसतं, हे त्याला गाडीतूनच कळलं.

वर्ना ओकली अनवाणी गवतावर उभी होती. पंचाहत्तरीची, किरकोळ अंगाची. तिचा मुलगा केंट मात्र फरशीवरच थांबला होता. त्याचे बूट नवे होते.

"तुम्हीच पाणी खात्याचे?" केंट म्हणाला. "अर्ज मी केलाय. घर माझ्या नावावर आहे. पैसे सुटले की हे सगळं उपटायचं, खडी पसरायची, चार निवडुंग लावायचे. कटकट मिटली."

"केंट म्हणेल तसं," वर्ना म्हणाली. "पण साहेब, तेवढं पास करा हो. लग्न होऊन आले तेव्हापासून जपलंय मी हे गवत."

'तेवढं पास करा' हे लायलला रोजच ऐकावं लागे. वाळवंटातलं पाणी वाचावं म्हणून खातं पैसे द्यायचं, ते जिवंत गवत उपटण्याचे. मेलेलं गवत पाणी पीत नाही, मग ते काढून वाचणार काय? एवढी साधी गोष्ट, पण लोकांच्या डोक्यात शिरत नसे. आधी बिल वाचवायला पाणी तोडायचे, गवत वाळून खडखडीत झालं की त्यावर हिरवा रंग मारायचे, आणि मग चेहऱ्यावर देवदूताचा भाव आणून दारात उभे राहायचे. परवा एका दंतवैद्याने तर चक्क प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं, वर त्यावर झारीने पाणी घालत होता. असल्यांबद्दल लायलला दया येत नसे, आणि आपल्याला ती येत नाही याचा त्याला अभिमान होता. खात्यातले नवे लोक गुडघे टेकून मुळं उकरत बसत. लायल बारा गावचं पाणी प्यालेला. त्याला खिशातला पांढरा रुमाल पुरे.

तो गवतावर उतरला. बुटाखाली जमीन मऊ लागली. जुन्या गवताची गादी अशीच लागते. त्याने बुटाखाली रुमाल धरून गवतावर दोनदा घासला आणि उचलला.

रुमाल हिरवा झाला होता.

"बाई," लायल शांतपणे म्हणाला, "हे काय?"

वर्नाने मान खाली घातली.

"आई?" केंट म्हणाला.

"गवताचा खास रंग मिळतो, बाई. लबाड लोक निदान तो तरी आणतात. हा कसला?"

"केकमध्ये घालतात तो," वर्ना पुटपुटली. "घरात तोच होता."

लायलला हसू आवरेना. इतका भिकार बनाव त्याने आजवर पाहिला नव्हता. "आणि फवारायला?"

"खिडक्यांच्या काचा पुसायची बाटली."

"पाणी कधी बंद केलंत?"

"पाणी किती महाग झालंय हो हल्ली," वर्ना म्हणाली.

"आई, फोनवर तर म्हणालीस की गवत अगदी छान आहे!" केंटचा चेहरा लाल झाला. "मी अर्धा दिवस गाडी हाणत आलोय. एक काम सांगितलं होतं तुला. तेही धड जमलं नाही."

"चुकलंच माझं."

"साहेब, दंड घ्या, पुन्हा तपासा, काहीतरी करा," केंट म्हणाला. "मी पदरचा छदामही घालणार नाही यात. पैसे मिळणार नसतील, तर राहू दे हे आहे तसंच."

"तसंच राहील," लायल म्हणाला. असं वाक्य बोलायला मिळालं की त्याचा दिवस चांगला जाई. "रंग मारून फसवलंत, तर पुन्हा तपासणी नाही. हा पत्ता आमच्या योजनेतून बाद. कायमचा. घर विकलंत तरी बाद."

"कायमचा?" वर्नाने विचारलं. तिचा आवाज कापत होता.

"कायमचा, बाई. लबाडी करण्याआधी नियम वाचायचे असतात."

"वाचले होते हो," ती म्हणाली.

वाचले आणि तरी हे! लायलने मान हलवली. मूर्ख माणसाला कायदा वाचायला देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. केंटने आईकडे पाहिलंही नाही. गाडीचं दार आपटून तो निघून गेला. म्हातारी तशीच उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. रडू दाबत असेल, असं लायलला वाटलं. त्याने मान फिरवली.

गाडीत बसून त्याने एसी मोठा केला आणि पत्ता बाद केल्याची नोंद कचेरीत पाठवून दिली. तेवढ्यात फवारे फसफसल्याचा आवाज आला. म्हातारीने नळ सोडला होता. हिरवं पाणी अंगणातून ओघळून रस्त्याच्या कडेने वाहू लागलं, थेट त्याच्या चाकापर्यंत.

लायल खूश झाला. आता खालचं पिवळं पडलेलं गवत उघडं पडणार. कचेरीतल्या पोरांना दाखवायला एक फोटो हवाच. त्याने काच खाली केली, फोन डोळ्यासमोर धरला आणि पाणी निवळायची वाट पाहत बसला.

वाहणारा रंग फिका होत गेला. मग पाणी अगदी स्वच्छ झालं.

गवत हिरवंच होतं.