तेइझोआजोबांचा पहिला हिट

"आजोबा, हिला तुम्ही उचलणार, की ही तुम्हाला उचलणार?" उसामीने विचारलं आणि सगळा मांडव हसला.

तेइझोआजोबाही हसले. त्यांनी मशीनगन टेबलावर ठेवली तशा करीभाताच्या ताटल्या खडखडल्या. खेळातलीच बंदूक, बॅटरीवर चालणारी, प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे मारणारी. पण वजन म्हणाल तर अस्सल. टोकियोजवळच्या चिबातल्या त्या बांबूच्या रानात दर रविवारी पिवळी पट्टी विरुद्ध लाल पट्टी अशी लढाई रंगते. दोन वर्षांत आजोबांनी एकही रविवार चुकवला नव्हता. आणि एकालाही टिपलं नव्हतं.

"दुकानदार म्हणाला, गुडघा धावू देत नसेल तर हीच घ्या," आजोबा कौतुकाने सांगू लागले. "एका जागी बसायचं आणि धडधडवत राहायचं. समोरच्यांनी डोकी खाली घातली की आपली पोरं पुढे सरकतात. फार भला माणूस हो! बॅटरी कुठे जोडायची, पुढचे पाय कसे रोवायचे, छर्रे वर चढवायचं बटण कुठलं, पट्टा कुठल्या खांद्यावर घ्यायचा, सगळं समजावलं बिचाऱ्याने."

"आणि राहिलं का लक्षात?"

"निम्मं राहिलं. उरलेल्याबद्दल आभार मानून आलो."

उसामी आजोबांच्याच पिवळ्या पट्टीतला. मनाने चांगला, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. "ऐका रे! बुधवारी आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आज एकही टिपला नाही तर बंदूक परत दुकानात आणि खेळ कायमचा बंद! गाडीत स्वतःच म्हणाले मला."

"अरे, ते सगळ्यांना सांगायचं नव्हतं," आजोबा पुटपुटले.

शेजारच्या टेबलावर लाल पट्टीची म्होरकी कायानो जेवत होती. तिने मान वर केली. तिला सगळेच टरकून असायचे. या खेळात छर्रा कुणाला लागला ते पंचाला दिसत नाही. ज्याला लागला त्यानेच हात वर करून 'हिट!' ओरडायचं आणि मैदान सोडायचं. सगळा कारभार इमानावर. छर्रा लागूनही गप्प बसलेल्या सख्ख्या दिराला कायानोने भर खेळातून हाकलून दिलं होतं.

"आजोबा, माझ्याकडून दयामाया मिळायची नाही हं," ती म्हणाली. "लागलं ते लागलं, नाही ते नाही."

"नकोच मला दया," आजोबा म्हणाले. "एकच मिळू दे, पण खरा मिळू दे."

शिट्टी झाली. आजोबा एका आडव्या ओंडक्यामागे पालथे झाले, बंदुकीचे पाय मातीत रोवले आणि चाप ओढला. बाप रे, काय तो आवाज! बांबूतली पाखरं भर्रकन उडाली. श्वासाने गॉगलवर वाफ धरली होती, त्यात रानातली सावली. छर्रे कुठे जातात ते काही दिसेना. ते तसे त्यांना कधीच दिसत नसत.

समोरच्या पिंपांमागून कायानो उठली. उसामी झुडपातून लाल पट्टीच्या झेंड्याकडे सरपटत होता, त्याच्यावर तिने नेम धरला. आजोबांनी नळी तिच्याकडे वळवली आणि चाप दाबूनच धरला.

कायानो थबकली. मान जराशी कलती करून क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने हात उंच केला.

"हिट!"

अख्ख्या रानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मागोमाग बांबूआडून दुसरा ओरडला, "हिट!" मग डावीकडून तिसरा. उसामीने धावत जाऊन झेंडा उपटला आणि पिवळी पट्टी जिंकली.

खेळ संपल्यावर दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभं राहून वाकून नमस्कार केले. आजोबा तर कमरेत असे वाकले की त्यांना सरळ करायला उसामीला हात द्यावा लागला. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते लपवायच्या फंदातही ते पडले नाहीत.

कायानो खांदा चोळत आली. "इथे बसला. चांगलाच झणझणला, आजोबा."

"फार उपकार झाले, बाई."

"माझे कसले? त्या दुकानदाराचे माना. आणि गुडघा बरा झाला की मुकाट्याने या इकडे. मला याचा वचपा काढायचाय." एवढं बोलून ती बुटांचा चिखल झटकायला गेली.

बंदूक गाडीत ठेवण्याआधी तिला लावलेला छर्र्यांचा डबा रिकामा करायचा, असा तिथला नियम. आजोबांनी बंदुकीला हात जोडले, ओंडक्याला जोडले, दुखऱ्या गुडघ्यालाही जोडले. उसामीने पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"ओता, आजोबा. एवढं धडधडवलंत, दोन-चार तरी उरलेत का?"

आजोबांनी झाकण उघडलं. सकाळी भरला होता तसाच डबा काठोकाठ भरलेला होता, आणि त्याच्या बाजूचं, छर्रे वर चढवायचं बटण 'बंद'वर होतं.