रावसाचं हृदय

डी. फार्मसीच्या तोंडी परीक्षेला दक्षा शरीररचनेच्या विषयात दुसऱ्यांदा बसली होती. या वेळीही विषय राहिला तर वर्षच जाणार होतं.

"हृदयाला कप्पे किती?" बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं.

"दोन."

"चार असतात."

"आमच्याकडे दोनच निघतात, सर."

"आमच्याकडे म्हणजे?"

"धाकट्या डहाणूला. आई मासळी कापते, मी समोर पुस्तक घेऊन बसते. काल रावस होता."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. दक्षा तशीच समोर होती.

"रावसाचं दोनात भागतं, मग तुला चार कशाला?"

दक्षाने कालचा रावस आठवून विचार केला. "रावसाचं रक्त हृदयातून निघतं, कल्ल्यांत हवा घेतं आणि तसंच अंगभर जातं. आपलं फुप्फुसात हवा घेऊन परत हृदयात येतं. तिथे पुन्हा जोर मिळाला की मग डोक्यापर्यंत पोचतं. दोनदा यायचं म्हणून कप्पेही दुप्पट."

"म्हणजे परत आलेलं रक्त वाया गेलेलं नसतं?"

"नाही ना, सर. तेच तर पुढे जातं."

सरांनी यादीत तिच्या नावासमोरचं 'दुसरी वेळ' वाचलं, त्याच्यापुढे 'पास' लिहिलं आणि पुढच्या मुलाला, सायवनच्या मिथुनला, आत बोलावलं.

"बस. तुमच्याकडे काय कापतात?"

मिथुनने घाम पुसला. "गवत, सर."