कोरी जागा

"बाई, यंदाही नाही जमलं तर बाबा म्हणतात, पुरे झालं, नोकरी धर," असं म्हणत ऋजुताने एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा सराव पेपर लॅपटॉपवर उघडला. गेल्या वर्षी तिला फारच कमी गुण पडले होते. चौथीत तिला स्कॉलरशिपसाठी शिकवलेल्या खांबेटेबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

ती भराभर सोडवत होती. अडलं की क्षणभर थांबून कुठल्यातरी पर्यायावर टिचकी मारत होती.

"हे येत होतं का गं तुला?"

"नाही. पण तुम्हीच तर शिकवलंत, एकही जागा कोरी ठेवायची नाही!"

स्कॉलरशिपला उत्तर चुकलं तरी गुण जात नसत. इथे मात्र प्रत्येक चुकीला कापत होते. उभ्या नोकरीत बाईंनी ज्यासाठी मुलांचे कान धरले, तेच आता हिला करायला सांगायचं होतं.

"येत नसेल तो तसाच राहू दे. पुढचा वाच."

"कोरं बघवत नाही हो, बाई."

"मलाही नाही बघवत. पुढचा वाच."

परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी दोघींचं हेच चाललं. त्या दिवशी केंद्राबाहेर पडताच तिने फोन केला.

"येत होते ते नीट सोडवले. पण बाई, बरेच कोरे ठेवून आलेय."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या, आणि आपण शाब्बासकी कशाला दिली हे लक्षात येऊन त्यांचं त्यांनाच हसू फुटलं.