पोटावरचा हात

कुमुदच्या तेराव्याला डॉक्टरसाहेब तिसरी वाटी बासुंदी भुरकत होते आणि तिच्या नवऱ्याला, त्र्यंबकरावांना, ते बघवत नव्हतं. कुमुद पोट आवळून डॉक्टरांच्या सदर बाजारातल्या दवाखान्यात जायची, तेव्हा ते टेबलापलीकडूनच हसायचे, “गैस है, भाभीजी. चाय कम पीजिए.” वर्षभर तेच गुलाबी औषध. शेवटी ग्वाल्हेरच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तर गाठ हाताला लागली; पण उशीर झाला होता. तेराव्याच्या पानावरून कुणाला उठवू नये, म्हणून त्र्यंबकराव मुकाट वाढत राहिले. डॉक्टरांनी ढेकर दिला, पट्टा सैल केला. “रावसाहब, पेट दुख रहा है. सोडा होगा?” त्र्यंबकरावांनी पातेलं खाली ठेवलं आणि त्यांचं घामट पोट दाबलं. किळस आली, तरी हात काढला नाही. “अरे, यह क्या?” “देख रहा हूँ. आपको इतना ही करना था.”