ड्रेसिंगचा नंबर

"शाई? पुन्हा शाई?" कुंदाबाई सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "पोरीचे हात भाजलेत, आणि तुम्ही दौत ओतून आलात?"

अमळनेरकडच्या धुरपदाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या. स्टोव्हच्या भडक्यात त्यांची लीला भाजली होती. "बठ्ठा लोके म्हनतस, शाई थंड करस," त्या पुटपुटल्या. "मनी पोर वाची ना, सिस्टर?"

"वाचली तर तुमच्यामुळे नाही वाचणार!"

धुळ्यातल्या या जळीत वॉर्डात सिस्टरची अकरा वर्षं गेली होती. शाई, शेण, टूथपेस्ट, सगळं बघून त्यांचं डोकं फिरलं होतं. आठव्या-नवव्या दिवशी ताप चढायचा, जखम हिरवी पडायची आणि चालतंबोलतं माणूस जायचं. सत्याऐंशी साली डॉक्टर लीलाधर यांनी जळीत पेशंटचं रजिस्टर सुरू केलं, तेव्हा 'घरून काय लावून आणलं' हा रकाना सिस्टरनीच भांडून घालायला लावला. डॉक्टरांनी मात्र भलतेच रकाने आखले. खाट कुठली, ड्रेसिंगला नंबर कितवा. "नंबर लिहून कुणाच्या अंगावर कातडी येणार आहे?" सिस्टर कुरकुरायच्या. पण दोन वर्षांत एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी ते रजिस्टर डॉक्टरांच्या टेबलावर आपटलं. "हा घ्या पुरावा. गावोगाव पाट्या लावा. शाईनं माणसं मरतात म्हणून!"

डॉक्टर बराच वेळ पानं उलटत राहिले. "शाई लावू नयेच," ते म्हणाले. "पण सिस्टर, शाई लावलेले जितके गेले, तितकेच न लावलेलेही गेले. ड्रेसिंग कुठल्या खाटेपासून सुरू करता?"

"हा काय प्रश्न झाला? दाराजवळच्या. सगळ्यात वाईट जखम तिथे असते. तळमळणाऱ्याला ताटकळत ठेवू?"

"आणि पुढच्यांना तोच चिमटा, तेच वाडगं, तेच हातमोजे?"

"दिवसाला मोज्यांचा एक जोड मिळतो मला! दुसरे काय घरी शिवू?"

डॉक्टरांनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. गेलेल्यांच्या नावांपुढे फुल्या होत्या. नंबर दोन, फुली. नंबर तीन, फुली. दाराजवळची खाट महिनाभर रिकामी होती, त्या महिन्यात एकही फुली नव्हती. सिस्टरचं बोट फैजपूरच्या मंदाबाईच्या नावावर थांबलं. नंबर दोन. बाळंतपणाला माहेरी आली होती बिचारी, आणि शाई, शेण, काहीच लावलेलं नव्हतं. सिस्टर खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑपरेशन थिएटरमधून मोज्यांचा अख्खा डबा भांडून आणला. चिमटे उकळले. दर खाटेला वेगळं वाडगं ठेवलं. ड्रेसिंगची गाडी आधी लीलाकडे नेली, तिची जखम ताजी, सगळ्यात स्वच्छ म्हणून. दाराजवळचा माणूस कण्हत होता. सिस्टर ओठ चावून पट्टी बांधत राहिल्या.

धुरपदाबाई रडत त्यांच्या पाया पडायला वाकल्या. "मनं चुकनं, सिस्टर. शाई मीच लाई. पोर मरी गई तर मनामुये मरी."

सिस्टरनी मोजे काढले. आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं.

"उठा, अक्का. तुमच्या शाईनं इथं कुणी मेलं नाही. जे मेले, ते या हातांनी मेले."