रिकामी होडी

कोलंबिया नदीत जाळी टाकायला यंदा चारच दिवसांची परवानगी होती, आणि पहिल्याच सकाळी सॅल्मन माशांच्या झुंडीच्या झुंडी वर चढू लागल्या. तेवढ्यात शेजारच्या क्लीटसची होडी रिकामीच वाहत एल्डनच्या जाळ्यापाशी आली. नदीत कुणी बुडालं, की प्रेत हाती लागेपर्यंत सगळ्यांनी जाळी उचलून ठेवायची, ही त्यांच्या लोकांची रीत. म्हणजे हंगाम गेलाच!

"पिऊन पडला असणार लेकाचा," तो पुटपुटला. "ना बायको, ना पोर. संध्याकाळपर्यंत कोण वाट बघतंय त्याची?"

त्यानं होडी लव्हाळ्यात आत ढकलली आणि दिवसभर मासे ओढले.

दिवस कलल्यावर, होडी जणू आत्ताच दिसली अशी त्यानं बोंब ठोकली. काठाकाठानं जाळी वर आली. लोक धावत सुटले, आणि सगळ्यांच्या पुढं होता क्लीटस, चांगला धडधाकट.



"एल्डनदादा, होडी एकटीच कशी? सकाळी वहिनी घेऊन गेली होती ना, तुझी न्याहारी पोचवायला?"