कमरेचा दोर

"खुंट्याला कशाला गुंडाळतेस? कमरेला घे," दोराला बांधलेल्या पाटावर बसता बसता रितेश म्हणाला. "आमच्या वखारीत बाया कमरेलाच घेतात."

जनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं ऐकलं.

कप्तानाने सकाळीच बजावलं होतं, माणूस वर चढवायचा तर दोराचे लोखंडी खुंट्याला तीन वेढे द्यायचे. पण कप्तान तेव्हा सुकाणूपाशी होता, आणि गवताच्या वखारीच्या मालकाच्या पोराला हुकूम सोडायची सवय होती. जनाने दोर कमरेभोवती दोनदा फिरवला, थोट्या उजव्या हाताने पोटाशी दाबला, डाव्या हाताने आवळला.

जहाज शिडाचं, तीन डोलकाठ्यांचं. शहापूर-मुरबाडकडची चोवीस माणसं एका संस्थेने तीन दिवसांसाठी त्यावर चढवली होती. निम्मी धडधाकट, निम्मी अपंग, सगळीच नवशिकी. तानशाच्या तलावापेक्षा मोठं पाणी एकानेही पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती सगळी इतकी ओकली, की त्या भागातल्या माशांनी दोन दिवस उपास धरला. आज मधल्या काठीवरची कप्पी अडकली होती. वर कोण जातो, असं कप्तानाने विचारलं तेव्हा पेपरचा फोटोवाला शेजारीच उभा होता, म्हणून रितेशने हात वर केला.

चौघांनी जनाबरोबर ओढून त्याला सात पुरुष उंच नेला. मग चौघंही फोटोत यायला पुढे पळाले. दोर राहिला जनाच्या कमरेला, आणि तिच्या मागे दोराचं शेपूट धरून आंधळा धाऊ.

रितेशने कप्पी सोडवली, फोटोसाठी हसला. "बस, घे खाली!"

"घेते, छोटे शेट. एक इचारू?"

"खाली आल्यावर इचार."

"खाली तुमी माझ्याशी बोलत नाय."

तिने वीतभर दोर सोडला. पाट वीतभरच खाली आला, पण रितेशने आईच्या नावाने अशी बोंब ठोकली, की अलिबागच्या किनाऱ्यावरची कुत्री भुंकली.

कप्तान धावत आला. "दोर खुंट्याला का नाही?"

"त्यांनीच सांगितलं, सायेब. हात लावू नका. मी एका हाताची बाई. कुनी धक्का दिला तर निसटंल."

कप्तानाने तिचे रोवलेले पाय पाहिले, वर लोंबणारा माणूस पाहिला, आणि दोन्ही हात पसरून बाकीच्यांना मागे थोपवलं.

"सांग, रितेश," जना म्हणाली. छोटे शेट संपले होते. "तुझ्या वखारीत गवत दाबायच्या प्रेसात माझा हात होता. तवा वरच्या झाकनाचा दोर कुनी सोडला?"

"जना, पाया पडतो तुझ्या..."

"तिथून पाय पोचत नाय."

कुणीतरी खुदकन हसलं.

"अपघात होता गो तो!"

"आनि मी दारू पिऊन हात घातला, असं पोलिसाला लिहून दिलं, तो पन अपघात? सासूनं दारूडी म्हनून मला भायेर काढली. पोरगी ठेवून घेतली. तीन वर्सं झाली, रस्त्यात दिसली तर पोरगी तोंड फिरवते. आता इथं आपल्या शेणवे गावची सात मान्सं उभी हायेत. त्यांना सांग."

रितेशने पाटाचा दोर घट्ट धरला. समुद्राकडे बघेना, खालीही बघेना.

जनाने आणखी वीतभर सोडला.

"मी सोडला!" तो किंचाळला. "मीच सोडला दोर! टेम्पो उभा होता, घाई होती!"

"आनि दारू?"

"नव्हती! तू पीत नाय, सगळ्यांना ठाव हाय! बाबांनी लिहिलं, मी सही केली!"

दोर जनाच्या लुगड्यावरून कातडीत रुतला होता आणि कमरेपाशी रक्ताची रेघ उमटली होती. तिने मान न वळवता विचारलं, "धाऊदादा, ऐकलं का?"

धाऊने कान वाऱ्याकडे धरला. तो गंभीरपणे म्हणाला, "ऐकलं गो. पन अर्धं समुद्रात पडलं."

"परत सांग."

रितेशने परत सांगितलं. या वेळी बापाचं नाव आधी आलं.

शेणव्याचीच लहानी नावाची बाई कानाने कमी. ती पुढे आली, कानाला हात लावला आणि बोट गोल फिरवून खूण केली, अजून एकदा. रितेशने अजून एकदा सांगितलं. आता तो रडत होता, आणि पाट वाऱ्यावर गरगर फिरत असल्यामुळे त्याचा कबुलीजबाब चारही दिशांना जात होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली ठेवून वही काढली.

"बाई," कप्तान हळूच म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. लागेल तिथे येऊन सांगेन. आता माणूस खाली घे."

"घेते ना, सायेब."

असं म्हणून जनाने टाचा फळ्यांवर आणखी घट्ट रोवल्या आणि दोराचा तिसरा वेढा कमरेला घेतला.

"पन ह्याचा बाप मुरबाडला बसतो," ती म्हणाली. "तिथवर अजून गेलं नाय."